नकाशालाही सातबारा हवा



या लेखाची सुरुवात आमच्याच शेतकी कचेरीतल्या एका चुकीने करावी लागत आहे. चूक झाली तेव्हा ती आम्हाला चूक वाटली नव्हती. लबाडी वाटली होती, आणि तीही आमची नव्हे, एका वयस्क सभासदाची. म्हणून ती आधी सांगून टाकतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

२०२२-२३ च्या गळीत हंगामातली गोष्ट. नदीकाठच्या एका गावचे हे सभासद. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. शेअर घेतल्यापासून कारखान्याला ऊस घातला नाही असा त्यांचा एकही हंगाम गेलेला नाही. त्या वर्षी त्यांच्या नावावर क्षेत्राच्या रकान्यात १.२० अशी नोंद होती. लागण सुरू हंगामाची, जात को ८६०३२. एकरी ४० टनांचा अंदाज धरून संगणकाने त्यांच्या रानातून ११८ टन ऊस येणार असे काढून ठेवले होते. टोळी गेली, गाड्या लागल्या, फड संपला, आणि काट्यावर भरले ६२ टन. नोंदीपेक्षा कमी ऊस घातलेल्यांची जी यादी निघते तीत आबांचे नाव वरच्या पाचात आले. 'उर्वरित ५६ टन ऊस आपण अन्यत्र घातला असल्याचे दिसते, तरी सात दिवसांत खुलासा करावा' अशी छापील नोटीस रीतसर त्यांच्या घरी गेली.

आबा नोटीस हातात घेऊनच कचेरीत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, माझं रान दीड एकर. माझ्या बापानं दीड एकरच ठेवलंय. तुमच्या कागदावर त्याचं तीन एकर कवा झालं? नदीनं मळी आणून घातली का काय?"

जुनी नोंदवही काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आपल्या नोंदवहीत वर्षानुवर्षे क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिण्याचा प्रघात. टिंबाच्या डावीकडे एकर, उजवीकडे गुंठे. १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. वहीवर मात्र तसे कोठेही लिहिलेले नाही. नोंदी नव्या संगणक पद्धतीत भरल्या गेल्या तेव्हा त्या पद्धतीत क्षेत्राचा रकाना होता हेक्टरचा. १.२० हेक्टर म्हणजे तीन एकराला जेमतेम दीड गुंठा कमी. आकडा जसाच्या तसा गेला, एक अक्षर इकडचे तिकडे झाले नाही, आणि तरीही आबांचे रान कागदावर दुप्पट झाले. तोच आकडा कोणी दशांश एकर म्हणून वाचला असता तर तो एक एकर आठ गुंठे झाला असता. म्हणजे एकाच १.२० ची तीन रानं! बेरजेची तऱ्हा तर याहून वाईट. एक एकर वीस गुंठे आणि एक एकर तीस गुंठे यांची बेरीज तीन एकर दहा गुंठे होते हे आपल्या घरातली आजीबाईसुद्धा सांगेल. यंत्र १.२० आणि १.३० मिळवून २.५० म्हणते आणि पुढे चालू लागते.

नोटीस मागे घेतली, दिलगिरीचे पत्र दिले. पण 'आबांनी ऊस बाहेर घातला' अशी जी कुजबूज पारावर चार दिवस चालली ती पत्राने परत घेता येत नाही. त्या वर्षीच्या वार्षिक सभेला आबा आले नाहीत.

आता यात चूक कोणाची? लिहिणाऱ्याने बरोबर लिहिले. भरणाऱ्याने बरोबर भरले. आमचे जुने हेडक्लार्क नोकरीत असते तर आकडा पाहताक्षणी म्हणाले असते, "अरे, ते गुंठे आहेत." पण ते निवृत्त झाले, आणि वहीतले आकडे वहीत राहून त्यांचा अर्थ मात्र त्यांच्याबरोबर घरी गेला. आकडा होता, आकड्याविषयी जे सांगायला हवे ते नव्हते. या 'माहितीविषयीच्या माहिती'ला संगणकाच्या जगात मेटाडेटा म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी वस्तू आपल्या रोजच्या वापरातली आहे. खताचे पोते घ्या. पोत्यावर १०:२६:२६ असे छापलेले असते, वजन असते, बनवणाऱ्याचे नाव असते. आत जे आहे ते पांढरे-करडे दाणेच, पण वर छापलेले नसेल तर ते पोते आपण फुकटही सरीत टाकणार नाही. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, पायाभूत बियाण्याचा पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा. टॅग फाटला की आतले बी तेच असूनही त्याची किंमत धान्याची होते. नकाशांचे आणि जमिनीच्या आकडेवारीचे अगदी हेच आहे. फरक इतकाच की बिनटॅगाचे बी आपण पेरत नाही, बिनटॅगाचे नकाशे मात्र बिनदिक्कत वापरतो.

याहून जवळचा दाखला म्हणजे आपला सातबारा. त्यावर फक्त क्षेत्र नसते. कोणत्या गावचे, कोणत्या गटाचे, एकक काय, कोणाच्या कब्जात, हे असते. आणि नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. हा फेरफार फार मोलाचा. ही नोंद येथे कशी आली, खरेदीने की वारसाने की वाटपाने, हे त्या नंबरावरून मागे मागे जात शोधता येते. नकाशाशास्त्रातल्या लोकांनी ठरवलेल्या मेटाडेटात नेमका असा एक भाग असतो: हा नकाशा कशावरून केला, मूळ कागद कोणता, त्यात कोणी काय काय बदल केले. त्याला ते नकाशाची वंशावळ म्हणतात, आपण नकाशाचा फेरफार म्हणू.

खरे म्हणजे कागदाच्या नकाशांना ही शिस्त पूर्वीपासून होती. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा कोणी पाहिला असेल तर त्याच्या चारी कडांना बारीक अक्षरांत केवढा मजकूर असतो हे आठवेल. मोजणी कोणत्या वर्षांची, आवृत्ती कोणती, प्रमाण किती, उंचीच्या रेषा किती अंतरावर, होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक किती. बहुतेक लोक तो मजकूर वाचत नसत, पण तो होता, आणि नकाशाला चिकटलेला होता. नकाशा उचलला की तोही उचलला जाई. नकाशे संगणकात गेले तेव्हा रेषा आत गेल्या आणि हा कडेचा मजकूर बाहेर राहिला. कात्रीने कड कापून मधला भाग तेवढा भिंतीवर लावावा तसे झाले.

त्याचे परिणाम कसे होतात ते एका उपसा योजनेवर आम्ही डोळ्यांनी पाहिले. जुन्या पाइपलाइनवरची एक चेंबर सापडत नव्हती. जुन्या नकाशावरून तिचे अक्षांश-रेखांश काढले, मोबाइलवर घातले आणि माणसे त्या जागी जाऊन खणू लागली. उभ्या उसात दोन खड्डे झाले, चेंबर मिळेना. शेवटी एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने लांबच्या बांधावरून हाक मारली, "हितं हाय की ती!" शंभर मीटरच्या पलीकडे.

नकाशा खोटा नव्हता आणि मोबाइलही खोटा नव्हता. गोम अशी की पृथ्वी ही काही नेमकी गोल नाही, थोडी चपटी, थोडी ओबडधोबड. तिच्यावर अक्षांश-रेखांशांचे जाळे टाकायचे तर आधी तिचा एक गणिती आकार मानावा लागतो. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० च्या सुमारास पृथ्वीचा जो आकार निश्चित केला तो भारताच्या जुन्या नकाशांचा पाया, आणि मध्य प्रदेशातले कल्याणपूर हे त्या मोजणीचे मूळ ठाणे. उपग्रहावरून चालणारे जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा दुसरा आकार मानते. दोन्हींतले आकडे एकसारखेच दिसतात, अंश, कला, विकला. पण आपल्या भागात एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीत घातला की जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. चौरस आकाराच्या एक एकर रानाची बाजू सुमारे ६४ मीटर. म्हणजे माणूस आपल्या रानातून थेट शेजाऱ्याच्या रानात. राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ साली आले तेव्हापासून सर्वसाधारण वापरासाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर काढले जातात, पण कपाटांतले जुने नकाशे जुन्याच पायावर आहेत. नकाशासोबत 'पाया: एव्हरेस्ट' हे दोन शब्द आलेले असते तर कोणताही जाणता पोरगा संगणकावर मिनिटभरात आकडे बदलून देता, आणि खड्ड्यांची नुकसानभरपाई द्यावी लागली नसती.

अशी फसगत आपल्याच अडाणीपणामुळे होते असे कोणी समजू नये. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्ग येथे दोन्ही बाजूंनी पूल बांधत आणण्याचे काम चालू होते. समुद्रसपाटीपासून उंची मोजायची तर समुद्र कोणता? जर्मनीचा उत्तर समुद्र, स्वित्झर्लंडचा भूमध्य. दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. इंजिनिअरांना हा फरक ठाऊक होता, त्यांनी तो हिशेबात धरलाही. पण अधिक करायच्या ठिकाणी उणे केले. २००३ साली ध्यानात आले की पुलाची दोन टोके ५४ सेंटीमीटरने वर-खाली येणार. एका बाजूचे काम दुरुस्त करून पूल पुढच्या वर्षी खुला झाला. घड्याळे बनवणाऱ्या देशाची ही कथा!

या सगळ्या अनुभवांतून जाणत्या लोकांनी असे ठरवले की नकाशासोबत काय काय लिहायचे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवू नये, त्याचा एक ठरीव नमुना असावा. यात अमेरिकेने पुढाकार घेतला. तेथे जंगल खाते, भूगर्भ खाते, जनगणना खाते, जो तो आपापले नकाशे करीत होता. एकाच्या नकाशाचा दुसऱ्याला पत्ता नाही, पत्ता लागला तर अर्थ लागत नाही, मग तोच मुलूख पुन्हा मोजायचा. १९९० साली तेथे सर्व खात्यांची मिळून फेडरल जिऑग्राफिक डेटा कमिटी नेमली गेली. ११ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हुकूम काढला की नऊ महिन्यांनंतर प्रत्येक केंद्रीय खात्याने नवा केलेला प्रत्येक भौगोलिक माहितीसंच ठरीव नमुन्यात नोंदवावा. त्याच वर्षी जूनमध्ये नमुना तयार झाला आणि १९९८ साली सुधारला गेला. त्याचे सात मुख्य भाग: संच कशाचा आहे, त्याचा दर्जा किती, मांडणी कशी, अक्षांश-रेखांशांचा पाया कोणता, रकान्यांचे अर्थ काय, कोणाकडून मिळेल, आणि हे टिपण स्वतः केव्हा व कोणी लिहिले.

वाचायला हे सोपे वाटते. पण त्या सात भागांत मिळून तीनशेहून अधिक घटक होते! प्रत्येकाचा अर्थ, प्रत्येकाची जागा ठरलेली. परिणाम काय झाला असेल हे ज्यांनी सरकारी कर्जाचा अर्ज भरला आहे त्यांना सांगायला नको. नकाशा करणारा माणूस नकाशा करून दमलेला. त्याच्यापुढे तीनशे रकान्यांचा तक्ता टाकला तर तो 'नंतर भरू' म्हणतो, आणि नंतर म्हणजे कधीच नाही. सगळेच रकाने सक्तीचे नव्हते, काही सक्तीचे, काही लागू असतील तर, काही ऐच्छिक; पण तक्ता पाहूनच माणूस दबतो. २००३ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ १९११५ हा जगासाठीचा नमुना काढला. तोही मोठाच आहे, पण त्यात एक शहाणपण केले: थोड्या घटकांचा एक गाभा ठरवला. नाव, तारीख, विषय, थोडक्यात वर्णन, भाषा, कोणाला विचारायचे, असे जे सोडताच येणार नाही ते आधी, बाकीचे ऐपतीप्रमाणे. २०१४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि अमेरिकेनेही आपला जुना नमुना सोडून तिकडे वळायचे ठरवले. आपल्या देशात २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय अवकाशीय माहितीच्या कामाला रीतसर रूप दिले, आणि त्याखाली भारतासाठीही असा मेटाडेटाचा नमुना तयार झालेला आहे.

तीनशे रकान्यांची ही हकीकत वाचताना आम्हाला आपल्याच मुलखातली एक जुनी गोष्ट आठवली. पेशवाई गेल्यानंतर पुणे भागात प्रिंगल नावाच्या साहेबाने १८३० च्या आसपास जमिनीची मोजणी व आकारणी केली. प्रत्येक प्रतीच्या रानाचे उत्पन्न, खर्च, निव्वळ नफा असा फार बारीक आणि फार विद्वान हिशेब. तो इतका बारीक होता की खालच्या माणसांकडून नीट पेलला नाही, आकडे चुकले, लाचलुचपत झाली, आणि पद्धत कोसळली. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी साधी पद्धत बसवली. रानाला नंबर, हद्दीला दगड, ३३ फुटी साखळीने मोजणी, जमिनीच्या प्रती नऊ. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ती पद्धत आजही आपल्या बोलण्यात जिवंत आहे. जी पद्धत मोजणीदाराला बांधावर उभे राहून पाळता येते तीच टिकते, हे आमच्या मनाने त्यावरून घेतले.

आता कोणी म्हणेल, ही सगळी सरकारी आणि परदेशी कथा, आमच्या उसाला याचे काय? तर मंडळी, गेल्या काही वर्षांत कारखान्याकडे नकाशांचा पूर आला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाविषयीचे निर्बंध सैल केले, त्यामुळे भारतीय माणसाला वा संस्थेला मोजणी करून नकाशा करण्यास पूर्वीसारखी आगाऊ परवानगी लागत नाही. त्याच वर्षी ड्रोनचेही नियम सुटसुटीत झाले. स्लिपबॉय मोबाइल घेऊन बांधावरून फेरी मारतो आणि क्षेत्र निघते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे २०१५ पासून कोणालाही फुकट मिळतात; त्यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे जवळपास आपला एक गुंठा. एका एकरात ४० ठिपके. राज्यात ऊस किती उभा आहे याचे अंदाज आता अशा चित्रांवरूनही बांधले जातात.

हे सगळे चांगलेच आहे. पण आमच्या संगणकात आज जे नकाशे पडले आहेत त्यांची नावे वाचली तर हसावे की रडावे कळत नाही. 'ऊसक्षेत्र फायनल', 'ऊसक्षेत्र फायनल नवीन', 'नवीन २', 'साहेबांना दाखवलेला'. तारीख नाही. उसाच्या नकाशाला तारीख नसणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जुलैत लावलेला आडसाली, ऑक्टोबरचा पूर्वहंगामी, जानेवारीचा सुरू आणि यंदाचा खोडवा हे चारही उपग्रहाला एखाद्या महिन्यात सारखेच हिरवे दिसू शकतात. चित्र जूनचे की नोव्हेंबरचे हे ठाऊक नसेल तर तोडणी कार्यक्रम त्यावर बसवणे म्हणजे पत्रिका न पाहता मुहूर्त काढणे.

दुसरी गोष्ट गट नंबरांची. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आपल्या कित्येक जुन्या कागदांवर नुसते '२१४' असते. सर्व्हे नंबर २१४ आणि गट नंबर २१४ ही गावाच्या दोन टोकांची दोन रानं असू शकतात. त्यातून कोर्टकचेऱ्या झालेली घरे वाचकांच्याही पाहण्यात असतील.

तिसरी गोष्ट अचूकपणाची. साध्या मोबाइलचे जीपीएस उघड्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. आता २० गुंठ्यांचे चौरस रान घ्या. बाजू ४५ मीटर, भोवतालची फेरी १८० मीटर. फेरी मारताना सगळीकडून एकच मीटर बाहेरून चालणे झाले तरी क्षेत्रात पावणेदोन गुंठ्यांहून अधिक वाढ, म्हणजे नऊ टक्के! बांध धरून चालला की बांध सोडून, एवढ्यावर हा फरक पडतो. दोन भावांच्या दोन सारख्या वाटण्या, एकाकडे गेलेला पोरगा बांधाच्या बाहेरून चालला, दुसऱ्याकडचा आतून, की झाली भाऊबंदकी सुरू. दोन्ही मोजण्या आपापल्या परीने खऱ्या. फक्त 'बांधासह' की 'बांध सोडून' हे लिहायला हवे होते.

म्हणून या हंगामाच्या ऊस नोंदीपासून शेतकी खात्याने प्रत्येक नकाशाला आणि क्षेत्राच्या प्रत्येक यादीला एक पानाचे टिपण जोडायचे ठरवले आहे. आम्ही त्याला नकाशाचा सातबारा म्हणतो. पोरे मेटाडेटा म्हणतात, म्हणोत. तीनशे रकाने नाहीत. नकाशाला धड नाव, मोजणी कोणत्या तारखेस झाली, कोणी केली आणि कशाने केली, साखळी की मोबाइल की ड्रोन की उपग्रह. अक्षांश-रेखांश कोणत्या पायावरचे. क्षेत्र कोणत्या एककात आणि बांधासह की बांधाविना. नंबर सर्व्हेचा की गटाचा. चूक किती असू शकते. मूळ कागद कोणता आणि नंतर कोणी काय बदलले. आणि शंका आली तर कोणाला विचारायचे. माणसाचे नाव नव्हे, हुद्दा लिहायचा, कारण माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. नमुना आम्ही आमच्या डोक्याने काढलेला नाही. आयएसओ १९११५ च्या गाभ्याला धरूनच तो बेतला आहे, म्हणजे उद्या आपला नकाशा बँकेला, विमा कंपनीला किंवा सरकारी खात्याला द्यावा लागला तर त्यांच्या संगणकालाही तो कळावा.

यात अडचणी आहेत, त्या लपवत नाही. आमच्याच खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "दिवसभर बांधावर फिरून रात्री अकराला पोरगं घरी जातं, त्यानं हे कधी लिहायचं?" प्रश्न रास्त आहे. तारीख, वेळ आणि जागा मोबाइल आपोआप टिपतो, ते लिहायला लावायचे नाही असे ठरले आहे. एकक पद्धतीतच पक्के केले आहे. आता रकान्यात टिंब देऊन गुंठे लिहिताच येत नाहीत, एकराचा चौकोन वेगळा आणि गुंठ्यांचा वेगळा. उरतात चार-पाच गोष्टी, त्या जागेवरच दोन मिनिटांत होतात. जुन्या नकाशांचे काम मात्र वेळखाऊ आहे. ज्या नकाशाची माहिती कोठेच मिळणार नाही त्यावर 'मूळ अज्ञात, केवळ पाहण्यासाठी' असे लिहून तो बाजूला ठेवायचा. त्यावरून तोडणी ठरणार नाही, पाइपलाइन खणली जाणार नाही, आणि नोटीस तर मुळीच निघणार नाही.

सभासदांनी दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. नोंद घ्यायला आलेला मुलगा जे क्षेत्र सांगेल ते 'किती' एवढ्यावर सोडू नये. एकर-गुंठे की हेक्टर-आर, बांध धरून की सोडून, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे आणि नोंदीच्या पावतीवर ते उतरले आहे का पाहावे. सातबारावरचे 'आर' आणि आपले गुंठे जवळपास सारखे असले तरी एकच नव्हेत. ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर, रान मोठे झाले की फरक मोठा होतो. आणि ज्यांच्या घरी उपसा योजनेचे, जुन्या मोजणीचे, एकत्रीकरणाच्या वेळचे नकाशे ट्रंकेत असतील त्यांनी ते गट ऑफिसात आणून दाखवावेत. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, समोरच फोटो काढून परत देऊ. नकाशा आणताना शक्य झाल्यास घरातल्या ज्या वडीलधाऱ्याला त्याची हकीकत ठाऊक आहे त्यांनाही बरोबर आणावे. कोणी काढला, कोणत्या साली, ती तांबडी रेघ पाटाची की वाटेची, हे कागद सांगत नाही, ते सांगतात. आणि ते सांगतील ते आम्ही लिहून घेऊ.

आबांनी त्यांच्याजवळचा पाइपलाइनचा नकाशा गेल्या महिन्यात आणून दिला. त्याच्या पाठीमागे त्यांच्या वडिलांच्या मोडी अक्षरात चार ओळी आहेत. मोडी वाचणारा माणूस शोधणे चालू आहे.